एकटा आणि बेपत्ता

‘काहीही कर, पण पावसात एकटा डोंगरात जाऊ नकोस.’

हे वाक्य मी आईकडून ऐकलंय, टीम लीडकडून ऐकलंय, सोसायटीच्या वॉचमनकाकांकडून ऐकलंय, आणि माथेरानलासुद्धा घोड्यावर बसून गेलेल्या कितीतरी लोकांकडून ऐकलंय. दर जूनला पहिला मोठा पाऊस पडला की हे वाक्य उगवतं. ते म्हणणाऱ्यांना माझी काळजी असते, हे मला मान्य आहे. तरीही मला ठामपणे वाटतं की या वाक्याने माणसं वाचत नाहीत. उलट ती सापडायची बंद होतात. कसं, ते सांगतो.

मी डोंबिवलीत राहतो, ऐरोलीत कोड लिहितो, आणि पावसाळ्यातले बरेचसे शनिवार एकट्याने सह्याद्रीत घालवतो. तंबू नाही, मुक्काम नाही. पहाटेची कर्जत लोकल पकडायची, सकाळी चढायचं, उजेडात उतरायचं, रात्री घरी वरणभात. सगळ्यात जास्त वेळा गेलोय ते खांडसहून भीमाशंकरला.

ज्यांनी ही वाट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्जतहून कशेळे, कशेळ्याहून खांडस, जी मिळेल त्या टमटममधून. खांडसच्या पुढे वाट फुटते. एक गणेश घाटाची, लांबची पण सरळ. दुसरी शिडी घाटाची, जवळची पण उभी. तिथे कातळाला लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत आणि पावसात त्यांवरून पाणी अंगावर येतं. दोन्ही वाटा वर पदरावर भेटतात. पदर म्हणजे कड्याच्या मधोमध सुटलेली सपाटी. तिथून पुढची चढण दाट जंगलातून. एकूण चढाई आठशे मीटरच्या वर. वर अभयारण्य आहे, शेकरू आहे, हिरड्या-जांभळाची झाडी आहे. पाऊस इतका की पूर्वेला पडलेला थेंब भीमा नदीतून बंगालच्या उपसागराकडे जातो आणि पश्चिमेला कड्यावरून सुटलेला अरबी समुद्राकडे. तुम्ही चढता ती ही पश्चिमेची, कायम ओली बाजू.

आता मुद्द्यावर येऊ. ‘एकटा जाऊ नको’ याचा अर्थ ‘ग्रुपने जा’ असा होतो. मीही तेच केलं होतं. २०१८ मध्ये, कॉलेज संपल्या संपल्या, पैसे भरून एका बॅचबरोबर गेलो. शुक्रवारी रात्री दोन बस निघाल्या. सत्तरच्या वर माणसं, चार लीडर, त्यातले दोघे माझ्याच वयाचे. शिडीखाली आम्ही पाऊण तास रांगेत उभे होतो, भिजत, कुडकुडत, एकमेकांच्या सॅकवर पाय देत. वरच्या मुलीचे हात थरथरत होते आणि खालून वीस जण एकाच वेळी सल्ला देत होते. परत फिरावं असं निदान दहा जणांना तरी वाटत होतं. मलाही वाटत होतं. बोललं कुणीच नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की बाकीच्यांना जमतंय. शिवाय ठरवायचं काम लीडरचं होतं आणि लीडरला सत्तर लोकांचे पैसे परत करायचे नव्हते. संध्याकाळी बसमध्ये मोजणी केली तेव्हा एक मुलगा कमी भरला. तो अर्ध्या तासाने एकटाच चालत आला. त्याच्या ग्रुपला वाटलं होतं तो पुढे आहे, पुढच्यांना वाटलं मागे आहे.

त्या मुलाला तुम्ही काय म्हणाल? कागदावर तो सत्तर जणांबरोबर होता. डोंगरात तो एकटा होता, आणि ते त्याला सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या धंद्यात यावर जुना अनुभव आहे. रात्री सर्व्हर पडला आणि अलर्ट एकाच माणसाला गेला, तर तो डोळे चोळत उठतो. तोच अलर्ट पंधरा जणांच्या ग्रुपला गेला, तर चौदा जण समजतात की पंधरावा बघत असेल. जबाबदारी वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी येते हा भ्रम आहे. बहुतेक वेळा ती कुणाच्याच वाट्याला येत नाही.

आणि पाण्याला संख्या कळत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. ती माणसं एकटी नव्हती, एकमेकांना घट्ट धरून उभी होती. मी त्यांना दोष देत नाही. पाणी किती झपाट्याने चढतं हे उभ्या असलेल्या माणसाला कळतच नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या दिवसानंतर मला ज्यांनी तो व्हिडिओ पाठवला, त्यांनी खाली लिहिलं होतं, ‘म्हणून सांगतो, एकटा जात जाऊ नको.’ व्हिडिओत एकटं कोण होतं?

एकटं चालण्यात मला काय मिळतं, हा प्रश्न येतोच. ‘स्वतःचा शोध’ वगैरे मला कधी लागला नाही. ओल्या कातळावर पाय ठेवताना स्वतःचा शोध घ्यायला वेळ नसतो. जे मिळतं ते साधं आहे: माझा वेग माझा असतो आणि परत फिरायला कुणाची परवानगी लागत नाही. गेल्या सात वर्षांत मी कितीतरी वेळा शिडीच्या खालूनच वळलोय, कारण शिडीवरचं पाणी गढूळ होतं. पाणी गढूळ झालं, त्यात पाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, म्हणजे वर कुठेतरी जोरात पडतोय. तुमच्या डोक्यावर रिमझिम का असेना. सत्तर जणांच्या रांगेतून हे दिसत नाही. रांगेत फक्त पुढच्याची सॅक दिसते.

अजून एक. पदरवाडीतली माणसं ही वाट जन्मभर एकट्याने करत आलीत. कुणी खाली बाजाराला उतरतं, कुणी दळण घेऊन वर जातं. डोक्यावर पाटी घेऊन, प्लास्टिकचा कागद पांघरून, चपला हातात धरून उतरणारी मावशी मला कितीदा भेटलीय. तिच्या चालण्याला कुणी ‘सोलो’ म्हणत नाही. तिला कुणी बेजबाबदारही म्हणत नाही. मग तिच्यात आणि माझ्यात फरक काय? वाटेची ओळख हा एक. पण त्याहून मोठा फरक मला २०१९ च्या जुलैत कळला, आणि तो कळण्यासाठी मी जवळजवळ फार मोठी किंमत मोजणार होतो.

त्या शनिवारी मी आईला सांगितलं होतं की ऑफिसच्या मित्रांबरोबर लोणावळ्याला जातोय. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

खांडसला पुलाच्या अलीकडे एका घरी चहा मिळतो. तिथे कोरड्या कपड्यांची पिशवी ठेवली. त्या घरातल्या भाऊंनी विचारलं, ‘एकलेच?’ म्हटलं, हो. ‘परत कधी?’ मी काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, ‘पाचपर्यंत येतो भाऊ.’ मग शिडी घाटाने चढलो. साडेबाराच्या सुमारास वर पोचलो, वडापाव खाल्ला, आणि उतरताना हुशारी केली. शिड्या ओल्या आहेत, तर गणेश घाटाने उतरू, असा विचार केला. म्हणजे कधीही न पाहिलेल्या वाटेने, धुक्यात, उतरताना पहिल्यांदा. हे वाक्य आज लिहितानाही मला माझा राग येतो.

पावसाळ्यात प्रत्येक वाटेचा ओढा होतो आणि म्हणून प्रत्येक ओढा वाटेसारखा दिसतो. पदराच्या वर कुठेतरी मी वाट सोडून ओढा पकडला. पाऊण तास उतरत गेलो. मग पुढे जमीन संपली. पाणी सरळ खाली पडत होतं आणि धुक्यामुळे किती खाली ते दिसत नव्हतं. फोन काढला. नकाशा डाउनलोड केलेला होता, पण ओली स्क्रीन बोट ओळखेना. पावसाचे थेंबच बटणं दाबत होते. शर्टाच्या आत पुसून कसाबसा नकाशा उघडला तर माझा निळा ठिपका कड्याच्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. उपग्रहाचा सिग्नल कातळावर आपटून येतो तेव्हा असं होतं, हे मला माहीत होतं. माहीत असण्याचा काडीचा उपयोग नव्हता. रेंज शून्य. परत वर चढताना शेवाळावरून घसरलो आणि डावा पाय घोट्यात मुरगळला. पाच वाजले. सहा वाजले. जुलैत सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, पण झाडीत त्याच्या कितीतरी आधी मावळतो.

भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजलेल्या लाकडावरची बुरशी अंधारात चमकते. त्याचे फोटो पाहून तुम्ही-आम्ही सगळे हरखलो आहोत. त्या रात्री टॉर्च नव्हता आणि फोनची बॅटरी वाचवायची म्हणून मी अंधारात बसलो होतो, तेव्हा शेजारच्या ओंडक्यावर तो हिरवट उजेड मला दिसला. मला त्यात काहीही सुंदर वाटलं नाही. मी फक्त हिशोब करत होतो. आईला रात्री नऊला शंका येईल. ती दहाला माझ्या मित्रांना फोन करेल. मित्र म्हणतील, आम्ही तर घरी आहोत. मग पोलीस. पोलीस विचारतील, कुठे गेला होता? आणि आई खरं समजून सांगेल, लोणावळ्याला.

म्हणजे शोध सुरू होईल, आणि तो दुसऱ्याच डोंगरावर सुरू होईल.

पावणेआठच्या सुमारास वरच्या बाजूने कुकारा ऐकू आला. मी जमेल तेवढ्या जोरात ओरडलो. दोन बॅटऱ्या हलताना दिसल्या. चहावाले भाऊ आणि त्यांचा पदरवाडीतला भाचा. दोघं दिवसभर लावणीच्या चिखलात वाकलेली माणसं. माझी पिशवी साडेपाचपर्यंत तशीच पडलेली दिसली, म्हणून निघाले होते. मला दोघांच्या मध्ये धरून, आधी वर, मग बरोबर वाटेने खाली, असं उतरवलं. साडेअकराला मी त्यांच्या पडवीत होतो. मी पाकिटातून पाचशेची नोट काढली, तर भाऊ पहिल्यांदा चिडले.

‘पाच म्हणालात म्हणून निघालो,’ ते म्हणाले. ‘काहीच म्हणाला नसतात तर आम्ही आपले जेवून झोपलो असतो.’

माझा सगळा लेख या एका वाक्यात आहे. त्या दिवशी मला ज्या गोष्टीने वाचवलं ती म्हणजे अनोळखी माणसाला सहज सांगितलेली एक वेळ. आणि ज्या गोष्टीने मला मारलं असतं ती एकटेपणा नव्हती. ती आईशी बोललेली थाप होती. ती थाप मी का मारली? कारण ‘एकटा जाऊ नकोस’ हे वाक्य घरात उभं होतं. खरं सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं. म्हणून खोटं सांगितलं आणि गेलो.

पदरवाडीच्या मावशीत आणि माझ्यात फरक होता तो हाच. ती एकटी चालते, पण ती कुठल्या वाटेवर आहे आणि कधी पोचायला हवी, हे वर आणि खाली दोन्हीकडे माहीत असतं. दिवेलागणीला ती पोचली नाही तर कुणीतरी कंदील घेऊन निघतं. ती एकटी असते. मी बेपत्ता होतो. फक्त अजून कुणाला कळलं नव्हतं.

आमच्याकडे सर्व्हर जिवंत आहे की नाही हे पाहायची एक साधी रीत आहे. तो ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा इशारा पाठवतो. त्याला आम्ही हार्टबीट म्हणतो. इशारा चुकला की सिस्टीम सर्व्हरला काय झालंय ते विचारत बसत नाही. गडबड आहे असं धरून कामाला लागते. म्हणजे मदत यायला हाक मारायची गरज पडत नाही, गप्प राहणं पुरतं. घोटा मुरगळून रेंज नसलेल्या घळीत बसलेला माणूस फक्त गप्पच राहू शकतो. त्याची शांतता कुणालातरी ऐकू जायला हवी, आणि त्यासाठी आधी वेळ सांगून ठेवावी लागते.

म्हणून माझा राग दोन्हीकडच्या लोकांवर आहे.

एकीकडे सल्ले देणारे आणि आदेश काढणारे. दर पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत जमावबंदीचे आदेश निघतात. भीमाशंकर अभयारण्यातल्या काही पावसाळी वाटाही वनविभाग अलीकडे बंद ठेवतो. वाट बंद असेल तर मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका. २०१४ मध्ये याच डोंगररांगेतलं माळीण गाव दीडशेहून अधिक माणसांसकट गाडलं गेलं; हा डोंगर पावसात काय करू शकतो ते मला कुणी शिकवायला नको. पण सरसकट बंदीचं पुढे काय होतं तेही पाहा. पोलीस सकाळी आठला नाक्यावर येतात, म्हणून पोरं पहाटे चारला निघतात. गावातून उजळमाथ्याने जाण्याऐवजी शेताच्या बांधावरून चोरून जातात. चहाला थांबत नाहीत, नाव सांगत नाहीत. बंदीमुळे जाणारे थोडे कमी होत असतील. पण जे जातात ते सगळे माझ्यासारखे, आईला लोणावळा सांगून गेलेले असतात. त्याऐवजी पायथ्याला एक वही ठेवा. नाव, वाट, परतीची वेळ. गावातल्याच माणसाला ती सांभाळायचे पैसे द्या, आणि ते जाणाऱ्यांकडून घ्या. संध्याकाळी ज्या नावापुढे खूण नाही त्याचा शोध त्याच संध्याकाळी सुरू होईल, दोन दिवसांनी नाही.

दुसरीकडे माझीच जमात. रीलमध्ये ‘नो प्लॅन, नो नेटवर्क, जस्ट मी’ लिहिणारी. कुणालाही न सांगता निघून जाणं म्हणजे स्वातंत्र्य, हे आपण सिनेमातून उचललंय. तुम्ही हरवलात की स्वातंत्र्य संपतं आणि दुसऱ्यांची रात्र सुरू होते. खोपोलीचे, लोणावळ्याचे स्वयंसेवक दोर खांद्यावर टाकून निघतात. ते पगारी नाहीत. त्यांना दुकानं आहेत, नोकऱ्या आहेत, लेकरं आहेत. गावातल्या माणसाची लावणी अडते. कुणालाही न सांगता जाणारा माणूस धोका स्वतःच्या अंगावर घेत नाही. तो न विचारता अनोळखी लोकांच्या अंगावर टाकतो, आणि वर त्यांना शोधायची जागाही सांगत नाही.

कुणी म्हणेल, बरोबर माणूस असता तर त्या रात्री दोन तासांत मदत आली असती. खरंय. पाय मोडला तर एकट्याचे हाल जास्त होतात, यावर वाद नाही. दोन-तीन जाणती, एकमेकांना ओळखणारी माणसं बरोबर असणं हे एकट्यापेक्षा सुरक्षित आहेच. पण ती प्रत्येक शनिवारी मिळत नाहीत, आणि ज्यांना मिळत नाहीत ते घरी बसत नाहीत. ते सत्तरच्या बॅचमध्ये जातात, नाहीतर थाप मारून जातात. मी त्यांच्याशी बोलतोय. आणि हेही मान्य करतो की मी पुरुष आहे म्हणून मला फक्त पाण्याची आणि कड्याची भीती बाळगावी लागते. माझी बहीण याच वाटेवर एकटी गेली तर तिच्या हिशोबात आणखी एक भीती असेल, आणि ती डोंगराने घातलेली नसेल.

आता मी काय करतो ते सांगतो. पावसात पहिल्यांदा जाणार ती वाट मी आधी हिवाळ्यात पाहिलेली असते. ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने उतरतो; हुशारी बंद. बारा वाजता जिथे असेन तिथून मागे फिरतो, माथा पन्नास पावलांवर असला तरी. ओढा गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडत नाही. टॉर्च फोनपासून वेगळा, शिट्टी गळ्यात, एक कोरडा टीशर्ट आणि वाटेचा कागदावरचा नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत. आणि परतीची वेळ दोघांना सांगतो: एक पायथ्याच्या माणसाला, एक घरी. वेळ पाळता आली नाही तरी पायथ्याशी पोचल्यावर पहिलं काम कळवण्याचं, चहा नंतर.

घरी खरं सांगणं हे यातलं सगळ्यात अवघड निघालं. शिडीपेक्षा अवघड. पाय बरा होईपर्यंत मी गप्प होतो, मग एका रविवारी आईला सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘मला ते आवडणार नाही. पण कुठे जातोस ते लिहून ठेवत जा.’ फ्रिजवर आता एक कागद असतो. त्यावर गाव, वाट, भाऊंचा नंबर आणि ‘सहा वाजेपर्यंत फोन नाही आला तर’ असं लिहिलेलं असतं. तिला आजही ते आवडत नाही, आणि तिने आवडून घ्यावं असं मी म्हणतही नाही.

गेल्या शनिवारी दुसऱ्याच एका डोंगरावर, चालू असलेल्या वाटेवर होतो. पावणेबाराला कड्याच्या टोकाशी एक कांडी रेंज मिळाली. लिहिलं, ‘माथा दिसतोय, पण पाणी वाढतंय. परत फिरलो. चारपर्यंत खाली.’ दोन मिनिटांनी तिचं उत्तर आलं: ‘हं.’ त्याच्या खाली आणखी एक: ‘चारच ना?’